ढाल

चार सेकंद दिवा.
दीड सेकंदात दिवा मागे, साचा पुढे.
मग दाब, आणि मग आठ सेकंद काहीच करायचं नाही.
मला पगार या आठ सेकंदांचाच मिळतो, असं मी म्हणते,
कारण घाई करणारे सगळे इथेच चुकतात.

मारिन्या ग्रांदच्या या शेडमध्ये
आम्ही रक्त गाळायच्या डब्या जोडतो.
प्लास्टिकची दोन अर्धुकं, दोन मिलिमीटरची कड,
आणि आत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा.
कड वितळली पाहिजे, एकतारी पाकासारखी;
पडद्याला मात्र शेजारी आग लागल्याचं
कळताही कामा नये.

फेब्रुवारीत तीनशे बारा डब्या बाद झाल्या.
उजेडासमोर धरल्या की दिसायचं:
पडद्याच्या काठाला सुरकुती,
तापातून उठलेल्या माणसाच्या ओठासारखी.
व्हाल्दमार म्हणाला, दिवा मंद कर.
मंद केला, तर सांधा कच्चा;
पाण्यात बुडवला की बुडबुडे.
म्हणाला, वेळ कमी कर.
केला. पुन्हा बुडबुडे.
सुक्याबरोबर ओलं जळायचंच, म्हणाला,
आणि जेवायला गेला.

मी ओनोरिउ काचवाल्याची मुलगी.
बाप एकतीस वर्षं भट्टीसमोर उभा होता,
हातात भिजवलेल्या नाशपातीच्या लाकडाचा ठोकळा.
तो म्हणायचा, आच आंधळी नसते गं.
तिला दिसतं तिथे ती जाते.
जे वाचवायचंय ते तिच्या नजरेआड ठेव.

म्हणून सार्डिनच्या डब्याचं झाकण घेतलं,
तेल पुसलं, कात्रीने कापलं,
चकचकीत बाजू दिव्याकडे,
कड तेवढी उघडी.
पहिली डबी: पडदा नितळ. दुसरी. दहावी.
व्हाल्दमारने झाकण उलटं करून पाहिलं,
मासळीचं चित्र बघून हसला,
आणि वर्कशॉपला ॲल्युमिनियमची चिठ्ठी लिहिली.

चाळिसाव्या डबीला सुरकुती परत आली.

मी झाकणाला बोट लावलं.
चटका.
सकाळपासून परतवून परतवून
ते स्वतःच तापलं होतं,
आणि आता पाठीकडून, काळोखातून,
हळूहळू त्याच पडद्याला शेकत होतं
ज्याच्यासाठी ते उभं होतं.

बोट तोंडात घालून मी बराच वेळ बसून राहिले.

भट्टी बंद पडली त्या वर्षी
बापाची आच घरी आली.
तिला आता काच नव्हती.
ती सुपाच्या वाडग्यावर पडायची, विजेच्या बिलावर,
धाकट्या भावाच्या वाढलेल्या केसांवर.
फेलिझ्मीना, माझी आई, मध्ये उभी राहायची.
लख्ख. हसरी.
"दमलाय तो. तू खा."
आम्हाला झळ लागली नाही,
हे आम्ही अजून कौतुकाने सांगतो.
मग एखाद्या रविवारी, बटाटे सोलता सोलता,
कारण नसताना ती आमच्यावर ओरडायची,
आणि आम्ही म्हणायचो, हिला आता काय झालं.

मागच्या अंगणातल्या धुण्याच्या टाकीत
ती कोपरापर्यंत हात बुडवून उभी असायची.
जानेवारीतही.
कपडे नसतानाही.

मंगळवारी नव्या ढालीच्या पाठीला
मी तांब्याची नळी डाग देऊन बसवली,
पेन्सिलीहून बारीक.
एकीकडून गार पाणी आत,
दुसरीकडून कोमट बाहेर, बादलीत.
दुपारच्या पाळीची इडालिना त्यात हात धुते,
म्हणते, छान ऊब आहे याला.

चाळीस. एक्केचाळीस.
एकशे साठावी डबी उजेडासमोर धरली,
वळवून पाहिली, परत वळवून.
मग बुडवली.

पाणी गप्प.