नग

सागाच्या डेपोत मी कारकून होतो.
लठ्ठे मोजायचे, हातोड्याचा शिक्का पाहायचा,
रकान्यात लिहायचं: नग अमुक, घनमीटर तमुक.
लठ्ठे ओढणारे हत्तीही त्याच वहीत. सहा नग.
त्यात वावगं काही वाटलं नव्हतं मला.

वेणू उरकुडे आल्या त्या दिवाळीनंतर,
आरमोरीकडच्या, गुरांच्या डॉक्टर.
टेम्पोत मागे गोणपाटात गुंडाळलेलं पिल्लू,
सीमेपलीकडे नदीच्या गाळात आईपाशी सापडलेलं.
आई उठली नव्हती.
मी विचारलं, आवक कशात दाखवू?
म्हणाल्या, आधी कंदील धरा.

गाईचं दूध बाधलं त्याला.
मग भाताची पेज. मग पेजेत टोरीचं तेल,
चमचा चमचा वाढवत, रात्रंदिवस,
वासानं माहूतसुद्धा नाक मुरडत.
सोळाव्या दिवशी शेण घट्ट झालं
आणि बाई अशा हसल्या
की चैतू वेलादी म्हणाला,
‘बाईले पोरगा झाला का जी?’

मी हरकती घेत होतो. तेच माझं काम.
टोरीचं तेल, बारा किलो: कोणत्या लेखाशीर्षाखाली?
घोंगड्या दोन: दुसरी कुणाला?
वरच्या हपिसाचा शेरा, लाल शाईत: बाब मंजूर नाही.
बाईंनी पाटली मोडली अहेरीच्या सोनाराकडे.
त्याची पावती मी फाइलला लावली.
कुठल्या फाइलला, ते अजून सांगता येत नाही.

दुसरी घोंगडी कुणाला, ते मला हिवतापात कळलं.
ताप बाईंना होता. चैतू मुलीच्या लग्नाला गेलेला.
पिल्लू एकटं झोपत नसे.
‘अंगठा द्या त्याला,’ खाटेवरून म्हणाल्या,
‘आणि बोलत राहा.’
काय बोलू? मला फक्त वही येत होती.
डेपोचा साठा पाठ म्हणून दाखवला त्याला:
साग, बिजा, येन, शिसम,
लॉट एक, लॉट दोन...
श्वास पेजेसारखा ऊन, आंबूस.
लॉट एकतीसला ते झोपलं.
अंगठा सुजला होता. मी काढला नाही.

सकाळी शाल गुंडाळून बाई टेबलापाशी आल्या,
वही ओढली, ‘नग’ खोडलं,
वर लिहिलं: जण.
सात जण.
खाडाखोड चालत नाही, मी म्हटलं.
‘मग सही करते,’ म्हणाल्या,
आणि केली.

पुढं आणखी आले. सर्कशीतलं एक,
एक, ज्याच्या आईला मालगाडीनं उडवलं.
अकरा आले, चार जगले.
सात नदीच्या वरच्या अंगाला, मोहाखाली आहेत.
तिथं दगड नाही की पाटी नाही.
बाईंना नावं पाठ होती. मला पाचच येतात.

त्या गेल्या तेव्हा पेपरात चार ओळी आल्या,
आडनाव चुकलेलं.
चैतू मोहाखाली जाऊन बसला दिवसभर.
मी गेलो नाही. गुडघे दुखत होते, असं सांगितलं.

आता कळप आपणहून येतात, सीमा ओलांडून,
धान निसवलं की.
गाव डबे बडवतं, फटाके लावतं.
मीही बडवलाय डबा. खोटं कशाला बोलू.
गेल्या महिन्यात बोडीखालच्या माझ्या बांधीत उतरले.
मी माचीवर टॉर्च विझवून
मोजत बसलो, जुनी सवय.
लहान एक होतं, मोठ्यांच्या पायांत,
दिसायचं, मग नाही दिसायचं.

तरणा वनरक्षक पंचनाम्याला आला,
मोबाइलवर भरत होता.
‘काका, नग किती?’
बावीस जण, मी म्हटलं.
त्यानं वर पाहिलं.
तसंच लिही. मी सही करतो.

अर्धं धान गेलं होतं.
भरपाईचा अर्ज वेगळा असतो, म्हणाला.