भाषेचा रकाना

पेटी भिंतीवर बसवायला चार स्क्रू लागले
आणि एक दुपार.
यादी भरायला नऊ दिवस.

सांगली, मार्केट यार्ड, हळदीची अडत.
पंख्याच्या पात्यांवर, वहीच्या कडांवर,
तिसऱ्या दिवशी माझ्या पक्कडीवरही पिवळी धूळ.
मी मिरजेचा मुजावर. आमच्या गल्लीत सतारीच्या तारा जुळवतात,
मी फोनच्या.

नवी युक्ती अशी, मी शेठना समजावलं:
घंटी वाजायच्या आधी नंबर कळतो,
नंबरावरून नाव, नावावरून भाषा.
अथणीचा माणूस असला तर पेटीच कन्नडमधून नमस्कार करते,
निजामाबादचा असला तर तेलुगूतून.
"म्हणजे आपल्या रत्नप्रभाबाईंसारखं," शेठ म्हणाले
आणि गप्प झाले,
कारण बाई तिथंच बसल्या होत्या.
एकतीस वर्षं, त्याच स्टुलावर.

"सांगा," मी म्हटलं. "नंबर, नाव, भाषा."
वही न उघडता त्या सांगत गेल्या.

रायबागचा हुंडेकरी. लिहा कन्नड.
पण भाव पाडायचा असला की मराठीत येतो
आणि थाप मारायची असली की हिंदीत.
इरोडचे मुरुगेशन. तमिळ.
मला त्यातले सात शब्द येतात,
आठवा कधी लागला नाही.
गोकाकच्या बाई, नवऱ्यामागं त्याच धंदा बघतात,
अरिशिण म्हणताना आवाज उतरतो त्यांचा.
त्यांना भाषा कुठलीही चालेल, फक्त सावकाश.

रकान्यात एकच बसते बाई, मी म्हटलं.
"मग मोठा रकाना आणायचा होतास."

मंजळ, पसुपु, अरिशिण, हळद:
बाहेर हमाल एकाच पोत्यात
हे सगळं पाठीवर टाकून चालले होते.

नवव्या दिवशी शेवटचा नंबर.
हरिपूर. नाव? आदगोंडा.
भाषा?
पहिल्यांदाच बाई अडल्या.

आदगोंडा इथला मापाडी, मग सांगितलं त्यांनी.
काट्याजवळ उभा राहून आकडा असा पुकारायचा
की पलीकडच्या गाळ्यातले लोक लिहून घ्यायचे.
मग घसा धरला. मग तुमच्या मिरजेचा दवाखाना.
आवाज तिथंच ठेवून घरी आला.
आता गुरुवारी सौदे संपले की फोन करतो.
मी भाव वाचते, तो बोटानं वाजवतो.
एक टक म्हणजे ऐकलं,
दोन म्हणजे परत सांग,
तीन म्हणजे, लुटताहेत लेकाचे.

मी पेटीचं पुस्तक उघडलं. तेरा भाषा.
रकाना मोकळा सोडला तर पेटी विचारते,
कृपया आपल्या भाषेचं नाव सांगा,
आणि दहा सेकंद वाट बघून
धन्यवाद म्हणते, कापून टाकते.

संध्याकाळी गाळ्यात कुणी नव्हतं.
कंपनीचा पासवर्ड, जो गिऱ्हाइकाकडे वापरायचा नसतो,
तो मी वापरला.
भाषा क्रमांक चौदा. नाव: टकटक.
पेटीनं विचारलं, स्वागताचा संदेश?
बाईंनी पेनाची मागची बाजू
रिसीव्हरवर एकदा आपटली.
पेटी म्हणाली, संदेश साठवला.

गुरुवारी साडेचारला पडद्यावर अक्षरं उमटली:
हरिपूर, आदगोंडा, टकटक.
बाईंनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
पेटीतून एक टक गेला,
आणि पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मला वाटलं, कापला.
मग एक. जरा अडखळत. मग लगोलग दोन.
"परत ऐकायचंय त्याला," बाई म्हणाल्या,
भाव नव्हे, तेच.

त्या दिवशीचा राजापुरीचा भाव वाचून झाल्यावर
तीन टक आले, स्पीकरवर,
आणि शेठ आपल्याच गल्ल्याकडे बघत हसले.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं,
आवाज खाली आणून विचारलं,
आता स्टूल लागेल का रे?
मी म्हटलं, पेटीत तसं बसवलंय शेठ,
चौदावी भाषा थेट स्टुलावरच जाते.
बदलायची झाली तर नऊ दिवस लागतील.

बिलात हे लावलेलं नाही.
पक्कड अजून पिवळी आहे.