जास्त खोल बरणी

कोलुसाच्या धावपट्टीवर पहाटे पाचला
गोण्या कोमट असतात.
दीड दिवस भिजलेलं, एक दिवस निथळलेलं भाताचं बी;
हात आत घातला तर
झोपलेल्या कुत्र्याच्या पोटासारखं ऊबदार,
वास आंबूस, कालच्या बिअरचा.
मी गोणीचं तोंड सोडते, ॲव्हेलिनो इंजिन सुरू करतो,
आणि मग तो इतक्या खालून जातो
की बांधावरचे बगळे मान आखडून घेतात.
पाण्यावर टपटप, टपटप,
मग काही नाही.
ओलं बी जड. तरंगत नाही. तळ गाठतं.

वर वीतभर पाणी, खाली गाळ,
गाळात हवा औषधालाही नाही.
तिथे गहू पडला तर सडतो:
पिठाचं कोठार भरलेलं, पण किल्ली हवेकडे.
भात कुलूप वेगळ्या रीतीनं काढतो.
पिठाची साखर, साखरेची दारू,
सगळा आतबट्ट्याचा व्यवहार,
हाती येतं चिमूटभर बळ.
ते तो मुळांवर खर्च करत नाही.

हे मला इदालिनानं दाखवलं.
एकतीस वर्षं भात वाळवण्याच्या गिरणीत,
छातीत तुसाची धूळ;
आता स्वयंपाकघरात यंत्र घरघरतं
आणि पारदर्शक नळी तिच्यामागून
खोल्याखोल्यांतून सरपटते.
खिडकीत ऑलिव्हची रिकामी बरणी: गाळ, पाणी,
ॲव्हेलिनोच्या खिशातून आलेले बारा दाणे.
ती शिवणाची टेप लावून मोजते.

तिसऱ्या दिवशी पांढरा दोरा.
पान नाही, मूळ नाही, नुसता वर निघालेला.
"कोलमडेल," ॲव्हेलिनो म्हणाला, "खाली धरायला काही नको?"
"तुझे आजोबा अझोर्सहून उतरले तेव्हा
कशाला धरून होते?
विमानात बसून तुला काय कळणार!
दोरा नाही तो. पोकळ आहे. नळी आहे."
मी खिडकीबाहेर बघत राहिले.
ती मात्र हसली, मग खोकली,
बराच वेळ खोकली.

सातव्या दिवशी धावपट्टीवर फोन:
"एक पोचलं."
मी गेले. पाण्यावर टाचणीच्या डोक्याएवढं टोक.
तेवढ्या भोकातून हवा खाली उतरत होती,
आणि दुसऱ्या सकाळी, तळाशी,
केसाहून बारीक मुळं गाळ चाचपत होती,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी
थोडी ओशाळलेली.

बारातले नऊ. उरलेल्या तिघांचा वास
तिनं सिंकमध्ये ओतला, नळ सोडला,
त्यावर काही बोलली नाही.

आज पुन्हा गोण्या. पुन्हा पाच.
ॲव्हेलिनो शिडीवरून परत उतरला,
गोणीत हात घालून मूठ भरली, खिशात टाकली.
"पहिली बरणी तर झाली," मी म्हटलं.
त्यानं हेल्मेटचा पट्टा आवळला.
"दुसरी मागितलीय तिनं.
जास्त खोल."