कोळशाची खोली

गॅस आला त्या वर्षी
माझं काम संपलं, खोली उरली.
तेवीस हिवाळे मी इथे कोळसा ओढला,
त्कीबुलीच्या खाणीतला, ओलसर, धुरकट,
आणि वर शाळेत मुलांच्या पायांना ऊब मिळत राहिली.
कुणी खाली डोकावलं नाही.
डोकवावं असं होतं तरी काय.

मग त्सियालाबाई आल्या,
टाचांचे बूट घालून थेट आत.
भिंतीवरून बोट फिरवलं,
बोटाकडे बघितलं,
म्हणाल्या, उशांगी, ही खोली मला द्या.
जशी काही माझ्या बापाची!

म्हटलं, बाई, कोळसा उगाळावा तितका काळाच.
म्हणाल्या, चुना आणा.

पहिला हात भिंतीने गिळला.
दुसरा राखाडी पडला.
तिसऱ्यानंतर त्या म्हणाल्या, पुरे,
आणि रात्री परत येऊन
मी चौथा दिला, कुणाला न सांगता.

सामान येत गेलं.
अक्रोडाच्या टरफलांची पोती, पाय बुडवायला.
माझ्या बायकोने दिलेली लोकर,
न पिंजलेली, मेंढीच्या वासासकट.
झेंडूची वाळकी पूड, जी आमच्याकडे रश्शात पडते,
ती इथे नुसती हुंगायची.
उलटी टांगलेली तांब्याची पातेली.
आणि परदेशातून एक काचेचा खांब,
आत बुडबुडे, निळे, मग हिरवे.
कस्टममध्ये चार महिने अडकला होता तो.

मी एवढंच विचारलं, यात शिकवणार काय?
त्या म्हणाल्या, काही नाही.
काही नाही! आणि त्याचा पगार!

ग्वांत्साची चाकाची खुर्ची दारात अडली,
तेव्हा उंबरठा मीच फोडला, घणाने.
लहानगा झाझा बुडबुड्यांना इतका हसला
की विजार ओली झाली,
आणि ती बदलताना आणखी हसला.

तेकले मात्र आत येईना.
नऊ वर्षांची. दिसत नाही, बोलत नाही,
कुणी हात लावला की अंग आक्रसून घेते.
बाह्या मुठींवर ओढून दारात उभी, अकरा दिवस.
मागे तिची आई, हातात मुलीचा कोट,
निघायच्या तयारीतली.

बाराव्या दिवशी ती भिंतीच्या कडेने निघाली.
लोकर ओलांडली, पातेली ओलांडली,
खांबाला पाठ घासून गेली, थांबली नाही,
आणि कोपऱ्यात, जिथून कोळसा खाली घसरायचा
त्या लोखंडी झडपेशी वाकली.
चौथ्या हातात मी तीही रंगवली होती.
तिने ती उचकटली.
आत मूठभर उरला होता.

एक तुकडा नाकाशी धरला, खूप वेळ.
मग भिंतीला टेकवला आणि चालू लागली.

करर्र.
माझ्या चार हातांवरून, काळी,
तिच्या खांद्याच्या उंचीला.
अगं, भिंत! मी ओरडलो.
ती थिजली.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही,
फक्त तळवा दाखवला, थांबा.

किती वेळ गेला कोण जाणे.
खांबातले बुडबुडे तेवढे वर जात होते.
मग पुन्हा, करर्र,
पाईपवरून, खिडकीच्या चौकटीखालून,
दारापर्यंत.
आई म्हणाली, घरी ती पेन्सिल फेकून देते.
आणि कोट खाली ठेवला, जमिनीवरच.

रात्री मी परत आलो. चुन्याची बादली तिथेच होती.
दिवा लावला नाही.
वाकलो तिच्या उंचीपर्यंत, कंबर कुरकुरली,
आणि रेघेवर बोट ठेवून चालत गेलो.
कुठे पातळ आहे, कुठे दाबून.
झडपेपासून सातव्या पावलावर
बोटाला एक गाठ लागते, जाड, खरबरीत,
तुकडा तिथेच गोल गोल फिरलेला.

तिथे मी ओरडलो होतो.

सकाळी त्कीबुलीला निरोप धाडला,
एक पोतं पाठवा, बारीक नको, मुठीत मावेल असा.
पलीकडून विचारलं, तुमच्याकडे तर गॅस आलाय ना?
म्हटलं, आलाय.
तुम्ही पाठवा.