तळघराची पायरी

विर्वे ओयासोच्या कोडमध्ये, ओळ चारशे बारावर,
एक चल आहे: केल्डर.
म्हणजे तळघर.
मी लाटव्हियाहून नवा आलेलो, शब्दकोश उघडून पाहिला, तळघरच.
दलदलीच्या मॉडेलात तळघर कशाला,
असं पहिल्याच आठवड्यात विचारून बसलो.
तिने चष्मा पुसला.
म्हणाली, बूट आहेत का तुझ्याकडे? गुडघ्यापर्यंतचे?

वाटेत बसमध्ये तिने सांगितलं ते असं.

तार्तूत पहिली काही वर्षं ती जिन्यात बसायची,
दोन खात्यांच्या मधल्या, खरोखरच्या जिन्यात;
हिला खोली कुणी द्यायची, ते ठरत नव्हतं.
संगणकवाले म्हणत, बाईंच्या कार्डांना चिखल असतो,
यंत्र अडकतं.
वनस्पतीवाले म्हणत, हिला शेवाळ ओळखता येत नाही.
दोन घरचा पाहुणा उपाशी.
आणि दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या, ती म्हणाली,
शेवाळ मी चाळिशीत शिकले.

आकडे यायचे सोमाहून, टपालाने, चौकटीच्या वहीत.
एन्डेल पार्त्ना, वनरक्षक,
रोज सकाळी फळ्यांच्या वाटेने दलदलीत जायचा,
भोकं पाडलेल्या नळीत काठी सोडायचा,
ओली खूण अंगठ्याने धरून मोजायचा.
चूक व्हायचीच. अंगठा तो.
पण एका हिवाळ्यात चूक नाहीशी झाली.
सलग अकरा आठवडे आकडे गुळगुळीत,
धुतलेल्या दगडासारखे.
मॉडेल इतकं गुळगुळीत चालत नाही,
निसर्ग तर नाहीच नाही.
तिने बस पकडली.

त्या हिवाळ्यात तुझा पाय मोडला होता, ती त्याला म्हणाली.
होता.
मग हे आकडे कुणाचे?
एन्डेलने तिला आधी ताक दिलं.
मग सतरंजी सरकवून जमिनीतली फळी उचलली.
बटाट्यांचा वास. नऊ पायऱ्या.
खालून चौथ्या पायरीवर काळं, स्वच्छ पाणी
आणि भिंतीवर खिळ्याने ओढलेल्या रेघा, त्याच्या बापापासूनच्या.
दलदल इथवर येते, तो म्हणाला.
तीन दिवस लागतात तिला.
तुमच्या यंत्राला माहीत नसेल. बटाट्यांना माहीत आहे.

सात वर्षं तिचं मॉडेल
दलदल फार लवकर रिकामी करत होतं.
सात वर्षं ती त्यासाठी पावसाला दोष देत होती.
परतताना बसच्या तिकिटामागे तिने तीन दिवसांचा उशीर लिहिला,
आणि रात्री पाणी जागच्या जागी थांबलं.
परीक्षक म्हणाले, या चलाचा भौतिक अर्थ काय?
ती म्हणाली, बटाटे.
पदवी मिळायला त्यामुळे आणखी एक वर्ष लागलं.

आम्ही पोचलो तेव्हा पूर होता;
तिथले लोक त्याला पाचवा ऋतू म्हणतात
आणि होडीतून टपाल वाटतात.
घर टॅलिनच्या कुणा कुटुंबाने घेतलेलं.
तळघरात सिमेंट, पंप, वर सौना.
मालकीणबाई भल्या होत्या. रेघा?
हो, होत्या काहीतरी, मुलांनी रंगवल्या असतील वाटलं.
विर्वे काही बोलली नाही.
ओल्या भिंतीच्या जागी हात ठेवला. भिंत कोरडी होती.

आता नळीत संवेदक आहे, दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवतो.
कधी एखादा मूस त्याला अंग घासतो
आणि रकान्यात उणे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव येतं,
म्हणजे: इथे काही माहीत नाही.
अशा वेळी कोड चारशे बारावर उतरतो
आणि नसलेल्या पायऱ्यांना विचारतो.
नवे विद्यार्थी ती ओळ काढून टाकायला बघतात.
मी म्हणतो, काढून बघा.
दुपारपर्यंत परत घालतात.

परवा तिचा फोन आला. निवृत्त होऊन तिला सहा वर्षं झाली.
पाणी कितवर आहे?
पाचव्या पायरीवर, मी म्हणालो.
बरं, ती म्हणाली,
आणि घाईने फोन ठेवला,
चुलीवर काहीतरी उतू जात होतं.