चतुःसीमा

पूर्वेस नऊ मीटरचा रस्ता,
पश्चिमेस पौनीकरांचा प्लॉट,
उत्तरेस मोकळी जागा,
दक्षिणेस बेचाळीस नंबर.
खरेदीखतात एवढंच लिहिलंय.

पौनीकर येणार-जाणार कुठून,
हे नासुप्रच्या नकाशात नव्हतं.
लेआउटवाल्याच्या तोंडात होतं फक्त :
"तिकून निघते नं जी रस्ता!"
तिकून पुढे कुणाचं तरी
स्वयंपाकघर निघालं.

म्हणून साडेतीन फूट.
माझ्या दक्षिणेच्या भिंतीला लागून,
जिथे मी पेरू लावणार होतो.
हुडकेश्वरला तेव्हा रात्री कोल्हे ओरडायचे,
आणि साडेतीन फूट मागायला
कुणी कुणाच्या दारी जात नसे.
पौनीकरही आला नाही.
तो नुसता गेला, सायकल हातात धरून,
संध्याकाळी परत आला.
मग जातच राहिला.

आता बिल्डर म्हणतो, पार्किंगचा उतार
तिथूनच काढावा लागेल.
सिव्हिल लाइन्सला गायधने वकीलबाई
कूलरकडे पाठ करून बोटं मोजतात :
उघडपणे. शांतपणे. अखंड.
हक्क समजून. वीस वर्षं.
"किती झाली?"
एकोणीस आणि सात महिने.
"मग घाई करा. लिहून घ्या त्याच्याकडून,
की तो तुमच्या परवानगीनं जातो.
परवानगीला मुळं फुटत नाहीत."

स्टॅम्पपेपर घेतला. रात्री हिशोबाला बसलो.

उघडपणे : हो. शीळ घालत जायचा.
शांतपणे : एकदा नाही. माझ्या कुंड्या
त्याच्या हँडलला अडकल्या, आणि आम्ही
एकमेकांच्या खानदानापर्यंत पोचलो.
अखंड : त्याची सुषमा अडली त्या रात्री
ऑटो आत शिरेना,
तेव्हा टॉर्च धरून पुढे मीच चाललो होतो.
ती परवानगी होती का? तारीख नाही,
साक्षीदार एक, तो आज बारावीत आहे.
त्याचे बाबा गेले तेव्हा
तिरडी साडेतीन फुटांत वळेना.
मी पक्कड आणली, कुंपणाच्या तारा सोडल्या.
त्या एका सकाळी ती वाट
पंधरा फूट रुंद होती.
हे कोणत्या कलमात बसवायचं,
बाईंना विचारायचं राहिलं.

आणि एक गोष्ट त्यांना सांगितलीच नाही :
माझ्या गच्चीचं पावसाचं पाणी
पाइपातून त्याच्या अंगणाखालून नाल्याला जातं.
उघडपणे नाही म्हणता येणार, पुरलेलं आहे.
पण वय तेवढंच.
एकोणीस वर्षं, सात महिने.
त्यानं कधी बोटं मोजली नाहीत.
किंवा मोजली असतील. कुणास ठाऊक.

रविवारी निघालो, कागद घडी करून खिशात.
तो समोरून येत होता, दोन्ही हातांत
तर्रीपोह्यांच्या पिशव्या, गरम, टपकणाऱ्या.

साडेतीन फुटांत दोन माणसं मावत नाहीत.
एकाला भिंतीला पाठ लावावीच लागते.
इतकी वर्षं ती तोच लावत आला,
हे मला तेव्हा, तिथे दिसलं :
भिंतीचा चुना खांद्याच्या उंचीवर
एका जागी गुळगुळीत झालेला.

"काहून जी, काही काम होतं काय?"

मी पाठ लावली.
चुना गार होता, एप्रिल असून.
तो आडवा न होता सरळ गेला,
पिशव्या सांभाळत, एवढंच म्हणाला,
"शर्ट खराब होईन नं तुमचा."

खिशात बिल्डरचा फोन थरथरत होता
घडी केलेल्या कागदाला लागून.
पाच महिने बाकी आहेत.