फ्रिजचा सा

अल्व्हरस्टनच्या त्या पबमध्ये मंगळवारी
माइक नसतो. खुर्च्या भिंतीकडे सरकवतात,
कुत्र्याला टेबलाखाली घेतात,
आणि ज्याला गायचंय तो उभा राहतो.

विल्फ उभा राहिला. जन्मभर बस चालवली,
आता गुडघ्यांपायी जिने टाळतो.
गिटारची एक तार उतरलेली. पिळली,
कान लावला, पुन्हा पिळली.
कुणाला घाई नव्हती.

थांब, म्हणाली मॉरीन,
आणि काउंटरमागे वाकून
बाटल्यांच्या फ्रिजचा प्लग काढला.

तेव्हा कळलं, इतका वेळ काहीतरी वाजत होतं.
काळी एकच्या आसपास, केसभर खाली.
तीन परीक्षा देऊन गाणं सोडलेला माझा कान
चटकन म्हणाला: सा गेला.

पहिली ओळ नीट लागली.
दुसरीत विल्फचा आवाज
एकेक पायरी उतरू लागला,
गिटार वरच राहिली.
गाणं बोटीचं होतं, की बोटीवरून न परतलेल्याचं,
शब्द मला अर्धेच कळत होते.
लोक आपापल्या ग्लासात बघत राहिले.

मग मी, जी चार वर्षांत इथे
‘एक हाफ, प्लीज’पलीकडे बोलले नव्हते,
ओठ मिटून सा धरला.
शेजारच्या बाईने चमकून पाहिलं.
मग तिनेही. मग दाराजवळच्या दोघांनी.
कुत्र्याने मान वर केली.

विल्फ चढून आला, डोळे मिटलेलेच,
जणू तिथे कठडा पहिल्यापासून होता.

टाळ्या थांबल्यावर मॉरीनने प्लग लावला.
बाटल्या जरा किणकिणल्या.
पुढच्या मंगळवारी तू का, तिने विचारलं,
मी म्हटलं, एक हाफ, प्लीज.